एल्विन कोणत्या यादीत बसतो

३० ऑक्टोबर १९९६

प्रिय वेंडेल,

तू दफनासाठी पाठवलेली फुलं वेळेवर पोचली. पांढरी होती. कार्डावर नुसतं 'निस्ली' लिहिलं होतं, त्यामुळे चर्चमधल्या बायकांना वाटलं, मीच मागवली. मी त्यांना सांगितलं, ही स्पोकेनहून आली, वेंडेलने पाठवली. तू का आला नाहीस हे मी विचारणार नाही.

फोनवर मी घाईत सांगितलं, म्हणून पुन्हा लिहिते. तेरा तारखेला, रविवारी दुपारी, क्राइडरांच्या कोंबड्यांच्या शेडला आग लागली. एल्विनला स्कूलहाऊस रोडच्या चौरस्त्यावर गाड्या वळवायला उभं केलं होतं. आगीच्या वेळी तिथे एका मोटारीने त्याला उडवलं. चालवणारा न्यू जर्सीचा शिक्षक होता, बायकोबरोबर मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या बग्ग्या बघायला आलेला. उतरतं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. त्याने मला पत्र पाठवलं आहे. चांगलं पत्र आहे. तुझे वडील जागीच गेले, असं डॉक्टर म्हणाले. मी इतकी वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे डॉक्टर खरं सांगतात की धीर देतात हे मला ओळखता येतं. खरं सांगत होते.

हे पत्र मात्र दुसऱ्या कारणासाठी आहे. काल हार्लन डीट्झ आला होता. तू इथे होतास तेव्हा आगीच्या ट्रकचा पंप चालवायचा तो. आता आपल्या गावच्या स्वयंसेवकांच्या फायर कंपनीचा प्रमुख झाला आहे. बायकोने केलेला सफरचंदाचा केक घेऊन आला आणि टोपी काढायची विसरून खुर्चीत बसला.

"व्हर्ना, पोराची सही लागेल," म्हणाला.

"कशावर?"

"वॉशिंग्टनच्या अर्जावर. ड्यूटीवर गेलेल्या सार्वजनिक सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी कायदा आहे. एल्विन त्यात बसतो की नाही ते तिथलं ऑफिस ठरवतं. बसला तर राज्याच्या स्मारकावर नाव कोरायला आम्हाला सोपं जाईल."

"मग मी सही करते."

"तुझी चालत नाही. बायको, मुलं, ती नसतील तर आईवडील. बहीण त्यात नाही."

"मी नऊ वर्षं त्याच्या घरात राहतेय, हार्लन."

"मला माहीत आहे गं. पण तू कोणी नाहीस." एवढं बोलून तो लाल झाला. "म्हणजे कायद्याने."

मी त्याला केक कापून दिला.

या अर्जात पैशाचाही भाग आहे. तो तुझा. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण एल्विन त्या कायद्यात बसतो की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कायदा म्हणतो, पोलीस, आग विझवणारा, रुग्णवाहिकेवरचा माणूस, पगार घेणारा असो वा फुकट काम करणारा, हे सगळे सुरक्षा अधिकारी. एल्विन फायर पोलीस. नावात दोन्ही आहे, पण ना त्याने कधी पाण्याच्या नळीला हात लावायचा, ना कुणाला बेड्या घालायच्या. मग तो कोण?

हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात एकदा निघाला होता. तुझ्या आईला पुरून आलो होतो. तू एल्विनला म्हणालास, "तुम्ही काही अधिकारी नाही, बाबा. हातात बॅटरी घेतलेले हौशी म्हातारे आहात." मी बशा पुसत होते. एल्विन काही बोलला नाही आणि तू दुसऱ्या दिवशी गेलास. आता सरकारच तो प्रश्न विचारतंय. तुझं म्हणणं बरोबर निघालं तर तेही कळेल. दुःखात असं कुतूहल वाटावं की नाही ते मला ठाऊक नाही, पण वाटतं आहे.

अर्ज सोबत ठेवला आहे. लगेच सही कर असं म्हणत नाही.

तुझी
व्हर्ना आत्या


१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय वेंडेल,

तुझं उत्तर नाही. पण मला जे कळलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मिस ट्रिंबल नावाची टाउनशिप कचेरीची नवी वकील आहे. वयाने लहान, चष्मा डोक्यावर ठेवते आणि मग शोधत बसते. मी तिच्याकडे गेले. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"मिस निस्ली, तुमच्या भावाने कधी आग विझवली होती?"

"एकदा. आमच्या स्वयंपाकघरात. लावली मीच होती."

"ती धरता येणार नाही."

"नको धरू."

मग ती म्हणाली की दोन गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत. एक, त्याला कायद्याने अधिकार होता. दोन, त्या क्षणी तो अधिकार चालू होता. फायर पोलिसाचा अधिकार शपथेने सुरू होतो. "शपथ झाली नसेल तर त्यांचा अधिकार नारिंगी जाकिटाइतकाच," ती म्हणाली. मी विचारलं, जाकिटाचा किती असतो? ती हसली नाही. तिला वाटलं मी खरंच विचारते आहे. मी खरंच विचारत होते.

शपथविधीचे कागद पुरात गेले. टाउनशिप कचेरीच्या तळघरात काय काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. मग मी चर्चनंतर एकेकाला विचारलं. जो तो एकच सांगतो: एल्विनने शपथ घेतलीच नाही. शपथेसाठी सगळ्यांनी हात वर केले, तो टोपी धरून तसाच उभा राहिला. तुलाही ते आठवत असेल. तू तेव्हा कोवळा होतास आणि तुला लाज वाटली होती. घरी येऊन जेवताना तू तुझ्या आईला, एडनाला म्हणालास, "बाबांनी सगळ्यांसमोर हात वर नाही केला."

ते ऐकून माझा धीर खचला. मला तो यादीत बसायला हवा आहे हे मला त्याच दिवशी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते, मला नुसतं उत्तर हवं आहे.

शेवटी मी फ्लॉरेन्स हूबरकडे गेले. फायर कंपनीच्या हॉलवरचं कोंबडी-मक्याचं सूप चाळीस वर्षं तिनेच केलं. आता वृद्धाश्रमात आहे, ऐकू कमी येतं, बोलणं तेवढंच मोठं.

"शपथेच्या दिवशी मी हॉलच्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होते, पण खिडकी उघडी होती आणि तेव्हा मला कान होते," ती म्हणाली. "न्यायाधीश ब्रेनर म्हणाले, एल्विन, खांदा दुखतो का? तो म्हणाला, नाही साहेब, आमच्यात शपथ घेत नाहीत. मी नुसतं हो म्हणेन."

"मग?"

"मग न्यायाधीशांनी सगळं वाचलं, हे करशील का, ते करशील का. आणि तुझा भाऊ दर वेळी हो म्हणाला. केवढ्याने म्हणाला! लग्नात एडनाला तरी एवढ्याने हो म्हणाला होता का? न्यायाधीश म्हणाले, चालेल, आता सूप आणा. आणि मी आणलं."

"फ्लॉरेन्स, हे तू लिहून देशील?"

"देईन की. पण सुपात मीठ जास्त झालं होतं असं कुणी म्हटलं असेल तर तेही खोटं आहे, ते लिही."

मिस ट्रिंबलला सांगितल्यावर तिने चष्मा खाली आणला. म्हणाली, ज्यांचा धर्म शपथ घेऊ देत नाही त्यांचा होकार या राज्यात शपथेइतकाच धरतात, पूर्वीपासून. "हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असायला हवं होतं." आपल्या घराने आमिशांसारख्या बोनेट टोप्या आणि बग्ग्या सोडून दोन पिढ्या झाल्या. शपथ न घेणं मात्र एल्विनने सोडलं नाही. मी कधी कोर्टाची पायरी चढले नाही, त्यामुळे मला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिली गोष्ट झाली. दुसरी लिहायला मला जड जातं. मागच्या पत्रात मी 'आगीच्या वेळी' असं लिहिलं. ते बरोबर नाही. आग विझली होती. हार्लनने रेडिओवर सगळ्यांना परत फिरायला सांगितलं होतं. ट्रक हॉलवर पोचला, माणसं कॉफी प्यायला लागली, आणि एल्विन अजून त्या चौरस्त्यावरच होता. तो तिथे का होता ते कुणाला सांगता येत नाही. लोक म्हणतात, त्याला रस्त्यावर उभं राहायला आवडायचं. मिस ट्रिंबल म्हणते, आवडीने उभा असेल तर तो त्या क्षणी अधिकारी नव्हता.

मला हे तुला सांगायचं नव्हतं. तुला तुझंच म्हणणं खरं वाटेल असं वाटलं. पण अर्धं सांगून सही मागणं बरं नाही.

व्हर्ना आत्या


८ डिसेंबर १९९६

प्रिय वेंडेल,

इथे पहिला बर्फ पडून गेला. मी रोज दुपारी स्कूलहाऊस रोडपर्यंत चालत जाते. लोकांना वाटतं, दुःखाने जाते. मी बघायला जाते. चौरस्त्यावरून क्राइडरांचं शेत दिसत नाही, मधे टेकडी येते. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाला आग दिसत नाही, विझली का तेही दिसत नाही. फक्त रस्ता दिसतो. हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. तो घरी यायचा तेव्हा मी विचारायची, "काय जळलं?" आणि तो म्हणायचा, "मला काय माहीत!" मला वाटायचं, थट्टा करतो आहे.

त्या वळणावर गिडिअन एशचं खोगिराचं दुकान आहे. गिडिअन आमिश आहे हे तुला आठवतच असेल. कंपनीचा ट्रक चालवत नाही, पण ट्रकवर बसून आगीला जातो. त्या रविवारी तो आगीला नव्हता, त्यांची प्रार्थनासभा होती. सभेहून परतणाऱ्या बग्ग्यांमध्ये त्याची एक होती. एवढे आठवडे त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण तो आगीवर नव्हता. मी गेले.

"ये, व्हर्ना," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं तू येशील. एल्विन म्हणायचा, माझ्या बहिणीकडे मीठ मागितलं तर आधी विचारते कशासाठी."

"आणि तू काय म्हणायचास?"

"मी म्हणायचो, लग्न न केल्याने असं होतं."

"मग लग्न केलेली तुझी बायको नाही का विचारत?"

"तीही विचारते," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघं थोडं हसलो. एल्विन गेल्यावर मी पहिल्यांदा हसले असेन.

मग त्याने सांगितलं. ते शब्द मी घरी येऊन लगेच लिहून काढले, माझ्या मनाचं काही त्यात मिसळू नये म्हणून.

गिडिअनची बग्गी चौरस्त्यावर आली तेव्हा एल्विनने मोटारी अडवून तिला वाट करून दिली. गिडिअनने लगाम ओढला. त्याने टेकडीवरून ट्रक परत जाताना पाहिला होता. तो म्हणाला, "एल्विन, संपलं सगळं. तू कुणाची वाट बघतोस?"

एल्विनने कानाजवळचा रेडिओ दाखवला. "माझं नाव नाही आलं."

"कसलं नाव?"

"हार्लन नाव घेईल तेव्हा जाईन. तू हो पुढे. घोडा घामेजलाय, गार पडेल."

गिडिअन पुढे गेला. त्याच्यामागे आणखी बग्ग्या होत्या, आणि त्यांच्यामागे तो न्यू जर्सीचा शिक्षक.

'माझं नाव नाही आलं' म्हणजे काय, असं मी गिडिअनला विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडे रेडिओ नाही, व्हर्ना. ते हार्लनला विचार." मी विचारणार आहे. तुला ठाऊक असेल तर तू लिही. तूही कंपनीत लेफ्टनंट होतास.

व्हर्ना आत्या


१५ डिसेंबर १९९६

प्रिय वेंडेल,

मी हार्लनला विचारलं. हॉलवर कुणी नव्हतं, तो ट्रक धूत होता. मी सरळच बोलले.

"हार्लन, माझं नाव नाही आलं म्हणजे काय?"

त्याने पाणी बंद केलं. "कोण म्हणालं असं?"

"एल्विन. गिडिअनला."

तो ट्रकच्या पायरीवर बसला. मग मला समजावून सांगितलं, जसं नव्या पोरांना सांगतो तसं. रस्त्यावरच्या माणसाला आग दिसत नाही. धूर गेला तरी नळ्या रस्त्यात पडलेल्या असतात, माणसं वाकून काम करत असतात. त्याने आपल्या मनाने जागा सोडली आणि मोटारी आत शिरल्या तर कुणीतरी मरायचं. म्हणून आपल्या कंपनीत नियम आहे. ज्याच्या हातात त्या आगीची सूत्रं असतील त्याने शेवटी रेडिओवर प्रत्येक फायर पोलिसाचं नाव घेऊन त्याला मोकळं करायचं. नाव आलं नाही तोवर तिथून हलायचं नाही. पाऊस असो, जेवायची वेळ टळो.

"मग त्या रविवारी तू नाव घेतलंस का?"

"मी म्हटलं, सगळे परत या." त्याने हातातली नळी खाली ठेवली. "आग छोटी होती. मला वाटलं, सगळ्यांत तोही आला."

"तो नाही आला."

"नाही," हार्लन म्हणाला. "एल्विन तसा नव्हता."

मग तो म्हणाला, हे मी लिहून देईन, सहीनिशी. मी म्हटलं, तुला त्रास होईल. तो म्हणाला, "झालाच आहे. इतके आठवडे होतोय. रोज रात्री अंथरुणात मी त्याचं नाव घेतो, व्हर्ना. त्याचा आता काय उपयोग?"

मिस ट्रिंबलला मी हे सांगितलं तेव्हा तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, हे फार महत्त्वाचं आहे. मला ते महत्त्वाचं का हे तिने सांगायच्या आधीच समजलं होतं. हौशी माणूस वाटेल तेव्हा घरी जाऊ शकतो. एल्विनला जाता येत नव्हतं. प्रयोगशाळेत असताना मी रक्ताचा नमुना कोणाचा ते बघायची नाही, कोणत्या गटाचा ते बघायची. इथेही तसंच झालं. बॅटरी, जाकीट, आवड हे सगळं बाजूला काढलं आणि त्याला जाता येत नव्हतं एवढंच उरलं.

त्या दिवशी हार्लनला मी आणखी एक गोष्ट विचारली. एका जुन्या आगीबद्दल. त्याने सांगितलं. ते मी या पत्रात लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, पण फाडून टाकलं.

नाताळाचा डबा वेगळा पाठवला आहे. काकवीचा केक प्रवासात बहुतेक फुटेल, पण चवीला फरक पडत नाही.

व्हर्ना आत्या


२ मार्च १९९७

प्रिय वेंडेल,

काल तू फोन केलास तेव्हा मी नीट बोलले नाही. तुझा आवाज आता अगदी एल्विनसारखा झाला आहे. मला आधी कळेना कोण आहे.

तू विचारलंस, "आत्या, हॉस्टेटरांच्या कोठाराला आग लागली त्या दिवशी सूत्रं कोणाकडे होती?"

मी म्हटलं, तुला ठाऊक आहे.

तू म्हणालास, "मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मी म्हटलं, मी पत्रात लिहीन. फोनवर मला जमत नाही. तर लिहिते.

तुझ्याकडे होती.

मी डिसेंबरात हार्लनला तेच विचारलं होतं. ऑगस्टमधली ती गवताच्या कोठाराची आग. तेव्हाचा प्रमुख रजेवर होता, तू लेफ्टनंट, म्हणून सूत्रं तुझ्याकडे. आग आटोक्यात आली आणि मी घरून हॉलवर फोन केला की एडनाचं आता काही खरं नाही. कुणीतरी धावत येऊन तुला निरोप दिला. तू हेल्मेट हार्लनच्या हातात दिलंस आणि मिळाली त्या गाडीत बसलास. असंच करायला हवं होतं. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. एल्विन दुसऱ्या बाजूला, ओढ्याच्या पुलावर होता. त्याच्यापर्यंत निरोप गेला नाही आणि त्याचं नाव कुणी घेतलं नाही. हार्लनला वाटलं तू घेतलंस. तुला काही वाटलं नसणार, तुझ्या डोक्यात आई होती.

तू पोचलास तेव्हा एडना शुद्धीवर होती. तुझा हात तिच्या हातात होता. तिने दोनदा विचारलं, "एल्विन आला का?" मी हे लपवत नाही. तूही ऐकलंस. ते ऐकून तू त्याच्यावर संतापलास, आणि मीही. तो आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेवटी एक दूधवाला त्याला म्हणाला की अरे, ट्रक कधीचेच गेले, तुझ्या घरापुढे गाड्या का उभ्या आहेत. तेव्हा तो निघाला. माझ्या माहितीप्रमाणे नाव न येता त्याने जागा सोडली ती तेवढीच एक वेळ.

मी त्या वर्षी त्याच्या घरी राहायला आले, पण पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यालाही ते कळत होतं. त्याने एकदाही सांगितलं नाही की त्याला कुणी मोकळं केलं नव्हतं. मलाही नाही.

हार्लनला त्याने सांगितलं होतं. म्हणजे हार्लननेच विषय काढला. तो म्हणाला, हे बैठकीत मांडायला हवं, चूक झाली आहे. तेव्हा एल्विन म्हणाला, "त्या पोराची आई चालली होती. त्याने रेडिओकडे लक्ष द्यायचं की तिच्याकडे? तू हे काढलंस तर मी जाकीट परत देईन." हार्लनने नाही काढलं.

फोनवर तू शेवटी म्हणालास, "तुझं डिसेंबरचं पत्र वाचताना मला तो नियम आठवला, आत्या." मग म्हणालास, "कदाचित आधीही आठवला असेल." ते मी ऐकलं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. नऊ वर्षं तू काय आठवलंस आणि काय नाही, हे मला ठरवता येणार नाही. ते तिकडच्या ऑफिसच्या यादीतही नाही.

तू सही केलीस तर वॉशिंग्टनचे लोक क्राइडरांच्या आगीबद्दल विचारतील. हॉस्टेटरांच्या कोठाराबद्दल कुणी विचारणार नाही. हार्लनने जे लिहून दिलं आहे त्यात ते नाही. तू सही केली नाहीस तरी मी तुला पत्र पाठवत राहीन. हे आधी सांगायला हवं होतं. सहीसाठीच लिहिते आहे असं तुला वाटलं असेल, आणि सुरुवातीला ते खरंही होतं.

व्हर्ना आत्या


१३ मार्च १९९७

प्रिय वेंडेल,

सही केलेला अर्ज मिळाला. मिस ट्रिंबलने तो त्याच दिवशी पाठवला. उत्तराला वर्षही लागेल म्हणते. काय येतं ते कळायची मला घाई आहे. नकार आला तर का आला ते मी विचारणार आहे, आणि होकार आला तरी विचारणार आहे.

तुझा निरोप हार्लनच्या बायकोकडून समजला. पुढच्या शुक्रवारी येतोस हे ऐकून बरं वाटलं. मला फोन करायचं सोडून तिला का केलास, हे मी धरून बसणार नाही. वरची खोली झाडून ठेवली आहे. विमानतळावरून भाड्याची गाडी घेतलीस तर नवीन हमरस्त्याने ये. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, फायर कंपनीसाठी पैसे उभे करायचा लिलाव आहे, सगळीकडे चिखल आणि बग्ग्या असतील. आमिश बायकांनी या वेळी गोधड्या भरपूर दिल्या आहेत. गिडिअनने एक खोगीर दिलं आहे आणि तूच ते विकत घ्यावंस असं त्याचं म्हणणं आहे. मी त्याला सांगितलं, वेंडेलकडे घोडा नाही. तो म्हणाला, मग स्वस्तात देतो.

लिलाव सुरू होण्याआधी सगळे ट्रकपाशी जमणार आहेत. हार्लनला एल्विनचं नाव रेडिओवर घ्यायचं आहे, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं. तशी रीत दफनाच्या दिवशीची, पण तेव्हा त्याच्या तोंडून ते नाव निघेना. परवा तो इथे येऊन बसला आणि म्हणाला, "व्हर्ना, मी घेऊ की वेंडेल घेईल? हक्क माझा आहे, सूत्रं माझ्याकडे होती. पण त्याने मागितला तर मी देईन."

मी म्हटलं, मी त्याला विचारते. म्हणून विचारते आहे. नाही म्हणालास तर कुणाला वाईट वाटणार नाही. हो म्हणालास तर भाषण करायचं नाही, एक वाक्य असतं. आधी त्याला हाक मारायची, मग जागेचं नाव, मग 'तुम्ही मोकळे'. उत्तराची वाट बघायची नसते.

मी हार्लनला विचारलं की हाक कशी मारायची, 'फायर पोलीस निस्ली' म्हणायचं का. तो म्हणाला, नियमाने तसंच. मग मी विचारलं, समजा वेंडेल नुसतं 'बाबा' म्हणाला, तर चालेल?

हार्लनने खूप विचार केला. म्हणाला, तसं कुठे लिहिलेलं नाही. पण रेडिओवर त्याला कोण थांबवणार?

व्हर्ना आत्या